तीन वाडगे आणि एक जाणकार

परवाच्या रविवारी जुन्या बाजारात एका गृहस्थांनी माझं सहाशे रुपयांचं नुकसान केलं. वर मलाच त्यांना 'धन्यवाद काका' म्हणावं लागलं.

झालं असं की बैठकीच्या खोलीत भिंतीवर फळ्या ठोकून घेतल्यात. त्यांवर चिनी मातीचे जुने-नवे वाडगे मिसळून मांडायचे, हे माझं बऱ्याच दिवसांचं खूळ. नवे होते घरात. खुर्जाचा एक निळ्या फुलांचा, जयपूरचा एक, आणि एका प्रदर्शनातून आणलेला स्टोनवेअरचा. तो विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "हा साडेबाराशे डिग्रीला भाजलाय." चिठ्ठीवर किंमतही साडेबाराशेच होती. भट्टी सेल्सिअसमध्ये मोजतात म्हणून बरं, फॅरनहाइट असतं तर बावीसशेच्या वर गेले असते. जुने मात्र नव्हते. आजीचे सट, बरण्या, वाडगे आमच्या मातोश्रींनी घर बदलताना "कुठे सांभाळायचं हे ओझं" म्हणून वाटून टाकले. आता तसलंच ओझं मी पैसे मोजून गोळा करते आहे.

तर मंगळवार पेठेत ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, मेलेले चार्जर आणि एकाच पायातला स्केट यांच्या मधे ते तीन वाडगे पडले होते. पांढरे, पातळ, अंगावर निळी पाइनची झाडं, काठाचा सोनेरी रंग बराचसा उडालेला. माझ्या पोटात कालवाकालव झाली, पण घासाघीस करायची तर चेहरा मख्ख हवा. मी आधी एक तोटी उचलून बघितली. मग सहज विचारावं तसं, "आणि हे?"

"शंभरला एक," विक्रेता मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"तिन्ही दोनशेला द्या."

त्याची मान होकारार्थी हलायला लागली होती. शपथेवर सांगते, लागली होती.

"थांबा!"

मागे एक काका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम. त्यांनी माझ्या हातातला वाडगा काढून घेतला, शबनममधून भिंग काढलं, वाडगा पालथा केला आणि मोठ्यांदा वाचलं, "मेड इन ऑक्युपाइड जपान!"

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते विक्रेत्याला म्हणाले, "अरे, तू काय विकतोयस, कळतंय का तुला? दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. 1945 ते 1952. तेव्हा बाहेर पाठवायच्या बऱ्याच मालावर हा शिक्का मारायचे. 52 नंतर बंद!"

विक्रेत्याने मोबाइल खिशात टाकला. मी हरले ती तिथेच.

"काका, मी घेतेच आहे ते," मी हळूच म्हटलं.

"घ्या ना. पण काय घेताय ते समजून घ्या." वाडगा उन्हात धरून त्यांनी मागून बोटं नाचवली. "दिसतायत? बोटं दिसतायत की नाही? पोर्सेलिन! तुम्ही शाकाहारी का?"

"अं? हो."

"मग बरं झालं हा बोन चायना नाही ते. त्यात हाडांची राख असते. घरी कप कसले आहेत?"

घरी कप बोन चायनाचे आहेत. सासूबाई एकादशीचा चहा त्यातच घेतात. मी गप्प बसले.

"आणखी काय काय आहे घरी?" काकांची उलटतपासणी संपेना. मी मूर्खासारखी जयपूरच्या वाडग्याबद्दल बोलून गेले. "जयपूर? ती तर मातीच नव्हे! क्वार्ट्झची भुकटी, काच आणि मुलतानी माती. तिला चिनी माती म्हणू नका." जसं काही मी त्याला तसं म्हणून कुठे अर्ज केला होता.

मग त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि वाडगे वाजवायला घेतले. पहिला टण्ण. दुसरा टण्ण. तिसरा ठक्. "याला केस गेलाय," काका विजयी मुद्रेने म्हणाले. मला मनातून आनंद झाला. चला, तडा निघाला, आता भाव तरी उतरेल.

"जुनं आहे ना ताई," विक्रेता म्हणाला, "म्हणून तडा आहे. नव्याला कुठून येणार? तिन्हीचे नऊशे."

काका मान डोलावत होते! वर म्हणतात, "जपानी सेट पाचचा असतो. चार आकडा अशुभ मानतात ते. उरलेले दोन कुठायत रे?" विक्रेता पोत्यात हात घालून उरलेले दोन शोधायला लागला. सापडले असते तर पंधराशेला पडले असते, म्हणून मी घाईघाईने आठशेवर सौदा पक्का केला.

"तुम्ही काय घेतलंत काका?" निघताना मी विचारलं. जरा खोचकच.

"मी? मी काही घेत नाही हो. घरात जागा कुठाय? दर रविवारी येतो, बघतो. समजलं ना आता, काय घेतलंत ते?"

"धन्यवाद काका."

आमच्या गावात ज्ञान फुकट वाटतात याचं फार कौतुक होतं. वाटा की! पण दुसऱ्याचा सौदा चालू असताना? आणि विकणाऱ्याच्या कानात? या माणसाने आजवर किती जणांना असं शहाणं करून सोडलं असेल, आणि त्या सगळ्यांचे मिळून किती हजार गेले असतील, याचा हिशेब मी रिक्षात करत होते. रिक्षावाल्याने विचारलं, "वाडगे काय भावाने?" त्याला मी सांगितलं नाही.

घरी मांडणी केली. सजावटवाले सांगतात, वस्तू विषम संख्येत ठेवा, उंच-बुटकं मिसळा, मधे मोकळी जागा सोडा. मोकळी जागा आमच्याकडे दुपारपर्यंत टिकते. रिकामा वाडगा दिसला की या घरातल्या माणसांचे हात शिवशिवतात. साडेबाराशे डिग्रीवाल्यात स्कूटरची किल्ली, रबरं आणि गोळ्यांची अर्धी पट्टी. जयपूरवाल्यात सुटे पैसे. कामाच्या मावशींनी फळीसमोर उभं राहून विचारलं, "ताई, हे घासायचे, का नुसते बघायचे?" प्रश्न रास्त होता, पण 'नुसते बघायचे' म्हणताना माझीच जीभ अडखळली. आणि धूळ! ती मात्र मावशी पुसणार नाहीत, कारण ते बघायचे आहेत ना.

हे सगळं मी सोसलं असतं. पण काल सकाळी एक जपानी वाडगा फळीवरून गायब. शोधला तर ओट्याच्या कोपऱ्यात, वर ताटली झाकलेली. सासूबाईंनी त्यात विरजण लावलं होतं. "आकार छान आहे गं," म्हणाल्या. मी सांगितलं की जुन्या रंगकामात शिसं असू शकतं, आंबट पदार्थात ते उतरतं. सासूबाई म्हणाल्या, "आमची हयात गेली चिनी मातीत दही लावण्यात." मी ते दही, घट्ट लागलेलं, मोरीत ओतलं.

तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. नणंदेला मात्र फोनवर सगळं सांगून झालंय, दही ओतल्याचं आणि वाडग्यांच्या किमतीचंही. किंमत मी घरात एकाच माणसाला सांगितली होती. तो आत्ता आंघोळीला गेलाय आणि अर्धा तास झाला तरी बाहेर येत नाहीये.