जव्हारला निघण्याआधी मागचे दाते मोजा

२०१५ साली आपल्या महाजन बंधूंनी अमेरिका ओलांडणारी 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात किलोमीटरच्या गप्पांना तोटा नाही. पण त्र्यंबक-मोखाडा-जव्हार असा एका दिवसाचा बेत निघाला की पहिला प्रश्न अजून तोच येतो: "सायकल किती किलोची आहे?" प्रश्नच चुकतोय. विचारायला हवं ते हे, की सगळ्यात हलका गिअर कोणता.

हिशेब बघा. माणूस ७०, सायकल १३, सामान १२, एकूण ९५ किलो. चढ ७ टक्क्यांचा. पुढच्या चक्राला ३९ दाते आणि मागच्याला २५ असतील, तर मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवताना वेग १२ किमीच्या जवळ जातो आणि पायांना साधारण २४० वॅट द्यावे लागतात. पुढे ३४ आणि मागेही ३४ असतील, तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग साडेसात आणि वॅट दीडशेच्या आसपास. २४० वॅट टिकवणारे हौशी लोक फार थोडे. मग बाकीच्यांचे फेरे चाळीसवर येतात, सगळा जोर गुडघ्यावर जातो आणि दोष मात्र 'प्रॅक्टिस कमी पडली' याला. दोन किलो हलक्या सायकलीसाठी कितीही पैसे मोजा, त्या जड गिअरवर फरक पडेल जेमतेम पाच वॅटचा. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलणं त्याहून कितीतरी स्वस्त.

फक्त कॅसेट बदलून भागत नाही, हे दुकानात सांगतीलच असं नाही. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग आखूड) असेल तर ३४ दाते झेपवेलच याची खात्री नसते. त्याची मर्यादा आधी तपासा. चेनही बहुधा लांब लागते. डिरेलरमधून न ओवता चेन पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून ओढून घ्या, जिथे टोकं जुळतील तिथे आणखी दोन कड्या जास्त ठेवा. मग सायकल स्टँडवर चढवा, सगळ्यात हलका गिअर टाका आणि गिअरची लिव्हर आणखी दाबून बघा. चेन स्पोककडे झुकली तर डिरेलरवरचा 'एल' स्क्रू आवळा, तो डिरेलरला आत जास्त सरकू देत नाही. सायकल कधी उजव्या बाजूवर आपटली असेल तर आधी हँगर बघा, म्हणजे डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा. वाकलेला हँगर सपाटीवर गुण दाखवत नाही. चढ लागतो, शेवटचा गिअर पडतो, डिरेलर थेट स्पोकमध्ये आणि सहल तिथेच संपते. आपल्या फ्रेमचा हँगर मोखाड्यात मिळणार नाही. जोडीचा एक पिशवीत टाका, वजन काही ग्रॅमचं.

जव्हार नाशिकहून सुमारे ८० किमी. ते नाशिकपेक्षा खाली, आणि त्र्यंबक दोन्हींपेक्षा वर. म्हणजे त्र्यंबक ओलांडल्यावर जाताना मजा, चढाची वसुली परतीला. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे येताना तो पाठीशी असतो, तेवढीच दया.

उताराचं मात्र लोक हसण्यावारी नेतात. ९५ किलो घेऊन २५० मीटर उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. ब्रेक सतत घासत हळू उतरलात तर ही जवळजवळ सगळी उष्णता रिममध्ये किंवा डिस्कमध्ये मुरते. रिम तापली की ट्यूब फुटते, तीही वळणावर. सरळ पट्ट्यात सायकल सोडा, थोडं काम हवेला करू द्या, आणि वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ दाबा. वळणात ब्रेक नको. पावसात रस्त्यावरची रेती पॅड खाते, म्हणून रिम ब्रेकच्या पॅडमध्ये रुतलेले चमकदार कण टाचणीने काढून टाका, नाहीतर रिमच खरवडली जाईल.

पंक्चरचं सामान सगळेच नेतात: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायची लिव्हर, पंप. विसरतात तो पितळी अडॅप्टर. तुमचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल, तर मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याची हवा अडॅप्टर नसताना आत जाणार नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, जपून. बाभळीचा काटा किंवा फुटलेल्या ट्रकच्या टायरची तार तशीच राहिली, तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही गेली म्हणून समजा. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका; हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चिमटली.

खाणं: दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात चिमूटभर मीठ, आणि एक-दोन केळी किंवा राजगिऱ्याचे लाडू. तर्रीवाली मिसळ हे नाशिककराचं दैवत आहे, मान्य. पण ती परतल्यावर. चढाआधी खाल्ली की अर्ध्या घाटात तीच वर येते.

पहाटे पाचला निघा, पुढे-मागे दिवे लावून. मोखाडा अकराच्या आत आलं नाही तर तिथूनच वळा, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो आणि त्र्यंबकचा चढ अजून पुढेच असतो.