बारोलो घोटावर तोलू नका

वाइन चाखायच्या कार्यक्रमांत टेबलावर दहा-बारा बाटल्या मांडलेल्या असतात. पेल्यात दोन बोटं वाइन येते, एक घोट घ्यायचा, वहीत मत लिहायचं आणि पुढच्या बाटलीकडे वळायचं. या घाईत सगळ्यात जास्त अन्याय होतो तो बारोलो या इटालियन रेड वाइनवर, असं माझं ठाम मत आहे. हल्ली आपल्याकडे इटालियन वाइनबद्दल कुतूहल वाढतंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गैरसमज रंगापासूनच सुरू होतो. रेड वाइन म्हणजे गडद जांभळी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बारोलोचा पेला तिरका करून मागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. मध्यभागी डाळिंबी, कडेला विटकरी, आणि वाइन जुनी असेल तर कडेला चक्क नारिंगी झाक. बघणारा म्हणतो, पातळ दिसतेय, हलकीच असणार. मग घोट घेतो आणि हिरड्या आवळतात. बारोलो ज्यापासून बनते ते नेबिओलो द्राक्षच असं आहे. त्याच्या सालीत रंग कमी, आणि जो असतो तोही फार टिकत नाही. टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य, मात्र भरपूर, जोडीला आंबटपणाही चढा. कोऱ्या कडक चहासारखा तो तुरटपणा जिभेवर रेंगाळतो आणि नवखा माणूस पेला खाली ठेवून देतो. खरं तर चाखणं इथून पुढे सुरू व्हायला हवं.

हा तुरटपणा हा दोष नव्हे. पुढची वीस वर्षं ही वाइन उभी राहते ती त्याच्याच जोरावर. उत्तर इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर, मोजून ११ गावांच्या हद्दीत बारोलो बनते. नेबिओलोला कोंब लवकर फुटतात आणि फळ पिकतं सगळ्यांच्या मागून, बहुतेक वेळा ऑक्टोबरमध्ये. म्हणून उन्हाचे, दक्षिणेकडे तोंड असलेले उतार तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या द्राक्षासाठी राखून ठेवत आले. बारोलो विकायला काढण्यापूर्वी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. लेबलवर 'रिझेर्वा', म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं असेल तर ६२ महिने. जिच्यासाठी कायद्यानेच तीन वर्षांहून जास्त थांबायला लावलंय, तिचा निकाल आपण अर्ध्या मिनिटात लावायचा?

गावागावांत फरकही मोठा आहे. ला मोरा आणि खुद्द बारोलो गावाच्या बाजूची वाइन सुगंधी, लवकर खुलणारी. पूर्वेकडे सेरालुंगा आणि मोन्फोर्तेची जमीन जास्त जुनी, आणि तिथली वाइन कणखर, लवकर दाद न देणारी. मला सेरालुंगाची जास्त आवडते. पण पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी ला मोराचीच सुचवेन.

वाइन मुरेपर्यंत थांबण्यावरून तिथे मोठा वादही पेटला होता. १९८० च्या दशकात तरुण उत्पादकांना वाटलं की दहा-दहा वर्षं वाट पाहायला लावणारी वाइन आता कुणी घेणार नाही. तुरटपणा कमी उतरावा म्हणून त्यांनी साली रसात ठेवण्याचे दिवस कमी केले आणि नव्या ओक लाकडाची २२५ लिटरची छोटी पिंपं आणली. एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांच्या तळघरातली जुनी मोठी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखी माणसं मोठ्या जुन्या पिंपांवर ठाम राहिली. 'छोटं पिंप नको, बर्लुस्कोनी (इटलीतले राजकारणी) नको' असं त्यांनी लेबलवर स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. तळघरातली स्वच्छता आणि वेलीवरचं पीक आटोक्यात ठेवणं, याचं श्रेय मी त्या तरुणांना मनापासून देतो. पण पेल्यापुरतं बोलायचं तर मी मास्कारेल्लोंच्या बाजूचा. नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास नेबिओलोच्या नाजूक सुगंधावर चढून बसतो. आज बरेच उत्पादक मधल्या वाटेवर आलेत, आणि मला त्याचा आनंद आहे.

मग प्यायची कशी? बाटली जेवणाच्या दोन-तीन तास आधी उघडा. मोठ्या पोटाचा पेला घ्या आणि थोडीच ओता. सुरुवातीला डांबराचा आणि वाळलेल्या गुलाबाचा वास येईल. ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण एकदा ओळखली की विसरत नाही. तासाभराने त्याच पेल्यात आंबट चेरी येते, मग ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल. वाइन जुनी असेल तर ओल्या पाचोळ्याचा, अळंब्यांचा वास. हे वास एकदम येत नाहीत, एकामागून एक येतात. माझ्या लेखी बारोलोची सगळी थोरवी या क्रमात आहे.

आणि सोबत जेवण हवंच. पिएमोंतेत बारोलोतच तासन्‌तास मंद शिजवलेलं गोमांस करतात, अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या तायारिन शेवया असतात, शरदात त्यावर पांढरं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी सुवासिक अळंबी, किसून घालतात. मांस आणि चरबी तोंडात आली की टॅनिन मवाळ होतं. आपल्या घरी करायचं तर अळणी मटण छान जमतं. झणझणीत रस्सा मात्र बाजूलाच ठेवा, कारण तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त बोचतात.

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हे पुण्यातल्या मे महिन्यात साफ विसरा. १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा. उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेली बाटली तर कितीही भारी असली तरी शिजून जाते.

बारोलो महाग आहे, हे मान्यच. म्हणून सुरुवात 'लांगे नेबिओलो' लिहिलेल्या बाटलीने करा. द्राक्ष तेच, बरीच स्वस्त, आणि वाट न बघता पिता येते. कुणी परदेशातून २०१९ किंवा २०२० ची बारोलो आणून दिली असेल आणि थंड जागा असेल, तर खुशाल काही वर्षं राहू द्या. २०१० च्या आसपासची हाती लागली तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि त्या संध्याकाळी दुसरी कुठलीही बाटली उघडू नका.