बिनसावलीची दुपार आणि कट्ट्यावरचा वाद

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो; भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. यंदा त्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो खगोलशास्त्राचे असे उत्सव करावेत की नाही, यावरून.

बापूंचा राग ताजा होता. नातवाला घेऊन ते एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला गेले होते. दीड तास रांगेत काढल्यावर पोराने दुर्बिणीला डोळा लावला न लावला, तोच मागून "चला, पुढे सरका" असा आवाज आला. "शनीची कडी दिसली का, असं विचारलं तर म्हणाला, काहीतरी पांढरं होतं," बापू सांगत होते. "त्यापेक्षा शाळेशाळेत एकेक दुर्बीण द्या."

नानांना हे मुळीच पटले नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाची दुपार त्यांना आठवते. दारे-खिडक्या लावून लोक घरात बसले होते आणि रस्ते ओस पडले होते. पुढे १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, त्या निमित्ताने हौशी मंडळींनी दुर्बिणी मैदानात मांडल्या आणि २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाला हजारो माणसे खग्रास पट्ट्यात मुद्दाम जाऊन उभी राहिली. "बापू, भीती मोडायला गर्दीच लागते. घरात एकट्याने ती मोडत नाही," असे नाना म्हणाले. मास्तरांनी खोडदचा दाखला जोडला: नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आसपासचे शेतकरी रोज बांधावरून पाहतात, पण विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते तेव्हा त्यांना आत जाऊन प्रश्न विचारता येतात.

माझे मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. उत्सव हवाच, मात्र त्यात आलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने काहीतरी मोजता आले पाहिजे, आणि त्या दृष्टीने शून्य सावलीसारखा दुसरा दिवस नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. जुलैअखेरची दुसरी वेळ बहुधा ढगांत जाते, परंतु मे महिन्यात हा दिवस गोव्याकडून विदर्भाकडे गावोगाव सरकत जातो. त्याला ना तिकीट लागते, ना रांग. बापूंनी यावर एकच शंका काढली, आणि ती रास्त होती: "सावली नाहीशी झाली, टाळ्या वाजल्या, पुढे काय?"

पुढचे नानांनी त्याच रात्री कोल्हापूरच्या भाच्याला फोन करून ठरवले. दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास आम्ही एक मीटरची नळी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ करून कट्ट्यावर उभी केली. तिची सावली आक्रसत आक्रसत बुंध्याशी आली आणि काही क्षण नळीभोवती फक्त ऊन राहिले. वडापावच्या गाडीवरचा पोरगा हातातला झारा तसाच धरून पाहायला आला. कोल्हापुरात भाच्याच्या तेवढ्याच उंचीच्या काठीची सावली मात्र दक्षिणेकडे तीन सेंटिमीटरांहून किंचित जास्त पडली होती. तिची कड धूसर असते, कारण सूर्याची तबकडी स्वतःच अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे त्याने तीनदा मापून मधला आकडा कळवला. मास्तरांनी त्यावरून कोन काढला, तो सुमारे १.८ अंश आला.

पुण्यात सूर्य नेमका डोक्यावर असताना कोल्हापुरात तो १.८ अंश कललेला, म्हणजे या दोन गावांमध्ये पृथ्वीची गोलाई तेवढीच वळते. कोल्हापूर ते पुणे हे सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे २०० किलोमीटर. पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांत १.८ अंश २०० वेळा बसतात, म्हणून २०० गुणिले २००. हा गुणाकार बापूंनी चहाच्या बिलाच्या मागे स्वतः केला आणि पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर लिहून तो कागद नातवासाठी खिशात ठेवला.