मजल्यावर रात्री कोण असतं?

पलंग ३८ इंच रुंद आणि ८० इंच लांब. नेहमीच्या सिंगल बेडपेक्षा लांबीला पाच इंच जास्त. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहांत, याच मापाची गादी असते, तिला ‘ट्विन एक्सएल’ म्हणतात, आणि जुलै-ऑगस्टात दुकानांमध्ये या मापाच्या चादरींचे ढीग लागतात. माझ्या मुलीच्या, सईच्या गादीवर घातलेल्या चादरीचा चौथा कोपरा काही केल्या बसत नव्हता. खाली सामान ठेवता यावं म्हणून पलंग उंच करून घेतला होता, शिवाय तो भिंतीला टेकलेला. तिच्या रूममेटची आई आपली आवराआवर सोडून आली, एक गुडघा गादीवर टेकवला आणि म्हणाली, ‘तुम्ही ओढा, मी उचलते.’ कोपरा बसला. त्यानंतरही आम्ही दोघी त्या चादरीवरून हात फिरवत राहिलो. सुरकुती एकही उरली नव्हती, पण हात काढवत नव्हता.

अर्बाना-शॅम्पेनचं इलिनॉय विद्यापीठ शिकागोपासून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. रस्ताभर दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. ऑगस्टात मक्याला तुरे आलेले असतात, माणसाहून उंच पीक उभं असतं. रूममेटचे आईवडील त्याच पट्ट्यातले शेतकरी, पिकअप घेऊन आलेले. सोयाबीनचा विषय निघाल्यावर माझ्या कराडच्या माहेरचं शेत आणि त्यांचं शेत यांच्या गप्पा सुरू झाल्या आणि त्या खोलीतला अर्धा तास बरा गेला.

मूव्ह-इन डेला, म्हणजे मुलं डॉर्ममध्ये राहायला येतात त्या दिवशी, प्रत्येक कुटुंबाला वेळ ठरवून दिलेली असते. आमची दहा ते बारा. गाडी दाराशी लावायची, सामान उतरवायचं आणि लगेच हलवायची, कारण मागे रांग. रंगीत टीशर्ट घातलेली वरच्या वर्गांतली मुलं चाकांच्या मोठ्या गाड्या ढकलत येतात आणि आपलं अठरा वर्षांचं घर त्यांत भरून लिफ्टकडे नेतात. मी लाडू, मेतकूट, लोणचं दिलं होतं आणि एक छोटा इलेक्ट्रिक कुकरही. तो खोलीत ठेवायला परवानगी नव्हती, परत आणावा लागला. दुपारी दोनला पालकांसाठी छोटा कार्यक्रम झाला, चारला मुलांची मजल्यावरची पहिली बैठक होती. त्या बैठकीला पालकांनी थांबायचं नसतं. म्हणजे निरोपाची वेळसुद्धा ठरवून दिलेली.

संध्याकाळी फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. वहिनीचा पहिला प्रश्न आला: ‘दार किती वाजता बंद होतं?’

मी लिहिलं, दार कायम बंदच असतं, पण सईकडे कार्ड आहे, ते लावून ती कधीही आत येऊ शकते. आणि हो, त्याच इमारतीत मुलंही राहतात. मग दोन दिवस ग्रुप धगधगत होता. काका म्हणाले, तिकडे पोरं अठराची झाली की आईबाप हात वर करतात. दादा म्हणाला, इथे लातूरला, पुण्याला आया खोली भाड्याने घेऊन पोरांसोबत राहतात आणि तुम्ही चार वाजता निघून आलात. त्यात माझी भाची गौरी उतरली. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्याच वसतिगृहात राहते. तिच्या इमारतीचं फाटक साडेआठला बंद होतं, मुलांच्या इमारतीचं मात्र होत नाही. अभ्यासिका अकरापर्यंत उघडी असते. तिने एवढंच लिहिलं, ‘आत्या, साडेआठनंतरची अभ्यासिका मी अजून पाहिलेलीच नाही.’

हा वाद काही आमच्या घरापुरता नाही. २०१५ साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’ म्हणत मुली याच प्रश्नावर रस्त्यावर आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत तर स्पष्टच म्हटलं आहे की, मुलींच्या सुरक्षेचं कारण पुढे करून वसतिगृहांत त्यांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. नियम आहे, तरी फाटक साडेआठलाच बंद होतं. आणि ते पालकांना हवं असतं, हेही खरं. दादाला गौरीची काळजी आहे म्हणूनच तो कुलपाच्या बाजूने बोलतो. मला त्याचा राग येत नाही. माझ्या बाबांनीही १९९४ साली मला तसंच ठेवलं होतं.

कराडहून पुण्याला एसटीने आलो होतो. पत्र्याची ट्रंक टपावर, वळकटी पायाशी. बाबांनी रेक्टरबाईंना नमस्कार करून म्हटलं, ‘पोरगी तुमच्या पदरात घातली.’ आणि फाटकाबाहेरच थांबले, कारण पुरुषांना आत जायची परवानगी नव्हती. माझी खोली त्यांनी चार वर्षांत एकदाही पाहिली नाही. ट्रंक मी आणि एक अनोळखी मुलगी दोन कड्यांना धरून वर घेऊन गेलो. सातला हजेरी व्हायची. हजेरी झाली की रेक्टरबाई खाली आपल्या घरी जायच्या. पहिल्याच सत्रात माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी तापाने फणफणली. रात्री दीडला आम्ही पोरी फाटकाशी उभ्या राहून पहारेकऱ्याला विनवत होतो. चावी त्याच्याकडे नव्हती. चावी बाईंकडे, बाई झोपलेल्या, आणि त्यांचं दार वाजवायची आमची छाती होत नव्हती. पहाटे पाचला रिक्षा मिळाली. मुलगी बरी झाली, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून मला वाटतं, आमच्या ग्रुपवर, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत, प्रश्नच चुकीचा विचारला जातोय. फाटक किती वाजता बंद होतं यावर आपण भांडतो. ते बंद झाल्यावर आत जबाबदार माणूस कोण असतं, हे कुणी विचारत नाही. जून २०२३ मध्ये दक्षिण मुंबईतल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीची तिच्या खोलीतच हत्या झाली. संशयित होता तिथेच काम करणारा पहारेकरी. ती मुलगी बाहेर उशिरापर्यंत फिरत नव्हती. ती आत होती, आपल्या खोलीत होती. ती बातमी इथे बसून वाचताना माझे हात गार पडले होते, आणि तरीही पुढचे काही दिवस ग्रुपवर चर्चा झाली ती फाटकं आणखी लवकर बंद करण्याचीच.

सईच्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीच्या दारावर कागदी फुलांची पाटी होती. ती मजल्याच्या आरएची, म्हणजे रेसिडेंट असिस्टंटची खोली. तिसऱ्या वर्षातली मुलगी. राहणं-जेवण या कामाच्या मोबदल्यात, आणि मुलं येण्याआधी सगळ्या आरएंचं प्रशिक्षण झालेलं असतं: कुणी दारू पिऊन बेशुद्ध पडलं तर काय करायचं, कुणी आठवडाभर खोलीतून बाहेरच आलं नाही तर काय, दोन रूममेट भांडल्या तर काय. रात्रीच्या ड्यूटीचा फोन नंबर दारावर लावलेला असतो. त्यांच्या वर एक पूर्णवेळ पगारी अधिकारी असतो, आणि तोही त्याच इमारतीत राहतो. पहिल्या आठवड्यांत रूममेटनी एक करार भरायचा असतो. दिवा किती वाजता बंद, पाहुणे कधी, एकमेकींचं काय वापरायचं आणि काय नाही. सई नि तिच्या रूममेटने पहिली ओळ लिहिली ती खिडकीच्या पंख्याविषयी.

मी त्या आरएला विचारलं, ‘ही आजारी पडली तर मला फोन कराल ना?’ ती म्हणाली, ‘मी तिच्याजवळ बसेन आणि आईला फोन कर म्हणून तिला सांगेन.’ तेव्हा मला ते टोचलं. घरी आल्यावर लक्षात आलं की १९९४ च्या त्या रात्री आम्हाला नेमकी हीच एक मुलगी हवी होती.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण इथलं सगळं भलं आणि तिकडचं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, त्याला ‘फर्पा’ म्हणतात. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो. सईचे मार्क तिने दाखवले तर मला दिसतील. फी भरायलाही तिने आम्हाला वेगळी परवानगी दिली, तेव्हा बिल आमच्यापर्यंत आलं. तत्त्व म्हणून मला हे पटतं. पण आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातला मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात पहिल्याच वर्षी खचत गेला. वर्गात जाणं बंद झालं, दोन सत्रं हातची गेली, आणि आईवडिलांना ते कळलं मे महिन्यात, सामान आणायला गेले तेव्हा. कायद्यात तब्येतीच्या किंवा जिवाच्या संकटात घरच्यांना सांगण्याची मुभा आहे. पण हळूहळू खचणं कुणाला संकट वाटत नाही. त्याची आई मला म्हणाली, ‘कुणीतरी एक फोन केला असता.’ अशा वेळी मला बाबांचं ते पदरात घालणं आठवतं. त्यात मुलीला विचारलेलं नव्हतं, पण कुणाला तरी उत्तरदायी धरलेलं होतं, नाव घेऊन, समोर उभं राहून. इथे पालकांना ती जागाच नाही. काही बाबतींत ती असायला हवी.

मुलांजवळ माणूस असणं आणि त्याने उत्तरदायी असणं, या दोन्हींची मुळं आपल्याकडे आहेत. परत निघताना विद्यापीठातल्या ‘आल्मा मेटर’ या पुतळ्यापाशी थांबलो. तिच्या सिंहासनामागे दोन आकृती हातात हात देऊन उभ्या आहेत, एक विद्येची आणि दुसरी श्रमाची. विद्या आणि श्रम हेच या विद्यापीठाचं ब्रीद. सातारा जिल्ह्यातल्या मुलीला ते वाचून काय आठवणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली आमच्या कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आमच्या शाळेच्या भिंतीवर होतं. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घातलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. ते दोघं त्या मुलांसाठी राबत होते, मुलांच्यात होते. त्या वसतिगृहाची खरी ताकद भिंत आणि फाटक नव्हती, ती माणसं होती. शंभर वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्याने वसतिगृह म्हणजे काय हे दाखवून दिलं, त्याच जिल्ह्यातली माणसं आज पोरीला कोंडणाऱ्या वेळेवर समाधानी राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा प्रश्न आता आणखी मोठा होणार आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली आहे. फार चांगलं झालं. म्हणजे गावातून शहरात आणखी मुली येतील, आणि त्या कुठेतरी राहतील. त्यांच्या प्रत्येक मजल्यावर एक प्रशिक्षित ताई असावी, तिचं राहणं-जेवण मोफत असावं, तिचा नंबर दारावर असावा, आणि तिच्या वर रात्री इमारतीतच राहणारी पगारी बाई असावी. याला अमेरिकेचा पैसा लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या गरजू मुलीची राहण्या-जेवणाची सोय झाली तर ती हे काम आनंदाने करेल. पहारेकरी, कॅमेरे, बोटांच्या ठशांची हजेरी यांवर पैसा खर्च होतोच आहे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही. फक्त वहिनीला फोन केला आणि त्या तापाच्या रात्रीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती माहेरी कुणाला सांगितलीच नव्हती, बाबांना तर नाहीच. वहिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘शनिवारी गौरीला डबा घेऊन जातेय. फाटक बंद झाल्यावर मजल्यावर कोण असतं, चावी कुणाकडे असते, ते त्यांच्या बाईंना विचारून येते.’