आईने पाय दुखतोय हे नवव्या दिवशी सांगितलं

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. शेवटी आईलाच विचारलं, ती म्हणाली लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, फक्त माझा फोटो टाकू नकोस. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबलीये, पण परदेशी जाणार असाल किंवा घरातल्या मोठ्यांना पाठवणार असाल तर वेळ काढून वाचा.

आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि आई. आई ६९ वर्षांची, बीपीची गोळी चालू, पायाच्या नसा बरीच वर्षं फुगलेल्या, बाकी तब्येत छान. ११ तासांचं विमान. तिला ढग दिसावेत म्हणून हौसेने खिडकीची सीट घेतली आणि तीच सीट मला आजपर्यंत टोचते. कारण तिला उठायचं म्हणजे मधल्या सीटवर मी आणि कडेला नवरा, दोघांना उठवायला लागणार, आणि आम्ही दोघं झोपलेलो. मग तिने काय केलं तर पाणीच प्यायचं बंद केलं. पाणी नाही प्यायलं की बाथरूमला जायला नको आणि कुणाची झोपमोड नको, असा सरळ हिशोब. हे तिने मला कधी सांगितलं, तर हॉस्पिटलच्या बेडवर.

उतरलो तेव्हा तिचे दोन्ही घोटे सुजले होते, सँडलचा पट्टा लागेना. रात्री पाय उशीवर ठेवून झोपली, दुसऱ्या दिवशी सूज गेली. इतका वेळ बसलं की दोन्ही पायांना अशी सूज येते आणि जाते, त्यात घाबरण्यासारखं सहसा नसतं. घाबरायचं ते एकाच पायाला आली तर, पण हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

ट्रिपमध्ये आजारी पडले ती मी. चौथ्या रात्री पोट बिघडलं ते असं की पहाटेपर्यंत सहा-सात वेळा. आणि मी काय केलं, तर आईने केलं तेच. कुणाला सांगितलं नाही. सकाळची टूर बुक केलेली, पैसे भरलेले, आईला ती जागा बघायचीच होती, आपल्यामुळे कशाला सगळ्यांचा दिवस वाया असं म्हणून तोंड धुवून निघाले. अकराच्या सुमारास रांगेत उभी असताना डोळ्यापुढे अंधारी आली आणि मी खाली बसले ती उठताच येईना. नवरा इतका चिडला होता, म्हणाला रात्री उठवलं असतंस तर काय झालं असतं? मला उत्तरच देता आलं नाही.

ओआरएसची पाकिटं घरीच राहिली होती. मग हॉटेलच्या रूममध्ये नवऱ्याने बनवलं, एक लिटर चांगलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा छोटा चमचा घ्यायचा, आणि सपाट म्हणजे सपाटच, तो सुरीने वरची साखर खाली पाडून एकेक चमचा मोजत होता आणि आई बाजूला बसून मोठ्याने आकडा म्हणत होती. मीठ जास्त पडलं तर त्रास होतो म्हणून एवढी काळजी. दर दोन मिनिटांनी दोन घोट असं करत दुपारपर्यंत अख्खी बाटली गेली पोटात. जुलाब थांबवायची गोळी पर्समध्ये होती, पण ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर ती गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, आणि मला अंगात कसकस होती, म्हणून इन्शुरन्सच्या कागदावरच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. त्यांनी फोनवर डॉक्टर जोडून दिला. त्या बाईंनी दहा मिनिटं नीट विचारपूस केली, कुठली लक्षणं दिसली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी बरी झाले.

हा नंबर निघण्याआधी प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा प्लीज. पीडीएफ एकाच्याच ईमेलमध्ये आणि तोच आजारी, असं होतं. अॅडमिट व्हायची वेळ आली तरी शक्य असेल तर आधी तिथे कळवायचं, नाहीतर नंतर क्लेमला वाद होतात. आणि पॉलिसी घेताना आधीचे आजार खरे लिहा. आमच्या एजंटने सांगितलं होतं की आईचं बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल. मला याचा अजून संताप येतो. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी बाहेर आला की कंपनी हात वर करते, आणि तेव्हा तो सल्ला देणारा माणूस आपल्या शेजारी उभा नसतो. आम्ही लिहिलं होतं. पण इथेही एक गोष्ट मला उशिरा समजली, ही पॉलिसी साधारण ट्रिपच्या तारखांपुरती असते. परत आल्यावर जे उपटतं त्याचा खर्च बहुतेक वेळा आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममधून किंवा खिशातून.

आणि आमचं तर खरं सगळं परत आल्यावरच झालं.

येताना पुन्हा ११ तास, पुन्हा खिडकी. आल्यावर चार-पाच दिवस आम्ही तिघंही जेट लॅगमध्ये, रात्री दोनला टक्क जागे आणि दुपारी डोळे मिटतायत. जितके टाइम झोन ओलांडले साधारण तितके दिवस शरीराला लागतात म्हणतात, पूर्वेकडे प्रवास असेल तर जास्त जड जातं. त्या गडबडीत आई थोडी हळू चालतेय हे मला दिसलं होतं, मी विचारलंसुद्धा, ती म्हणाली दमलेय गं, वय झालं आता. मीही मान डोलावली.

नवव्या दिवशी रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "अगं, डाव्या पोटरीत काहीतरी धरल्यासारखं झालंय बघ. आठवडा होत आला. उगाच तुला कशाला म्हणून बोलले नाही."

मी काय केलं असेल? तिला पलंगावर बसवलं आणि पाय दाबून दिला. पंधरा मिनिटं. प्रेमानेच दाबला, आणि तिला बरंही वाटलं. पुढे डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं की अशा पायाला मालिश करायचं नसतं, नसेतली रक्ताची गुठळी सुटू शकते, तेव्हा माझे हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. आईने सांगितलं, जिन्यात लचकला असेल. त्यांनी बघितलं, दुखायची गोळी आणि लावायचं मलम दिलं. मी त्यांना दोष देत नाही, कारण आम्ही तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही की आम्ही नुकतेच परदेशातून आलोय. ट्रिप आमच्या डोक्यात संपली होती. बॅगा रिकाम्या करून माळ्यावर गेलेल्या, फोटो सगळ्यांना पाठवून झालेले, त्याचा पायाशी काय संबंध!

दोन दिवसांनी दुखणं वाढलं, पाय गरम लागायला लागला, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, महिन्याभरात कुठे लांबचा प्रवास झालाय का?" मग त्याने टेप काढली. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून बरोबर १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण केली, दोन्ही पायांवर, आणि घेर मोजला. डावी पोटरी साडेतीन सेंटीमीटर जास्त भरली. मी रोज तो पाय बघत होते आणि माझ्या डोळ्यांना तो फरक कळला नव्हता. श्वास लागतो का, छातीत दुखतं का, खोकल्यातून रक्त आलं का, सगळं विचारलं आणि लगेच डॉप्लर सोनोग्राफीला, म्हणजे नसांमधलं रक्त कसं वाहतंय ते बघायच्या तपासणीला, पाठवलं. गुठळी होती, पोटरीपासून गुडघ्याच्या मागच्या नसेपर्यंत. याला डीव्हीटी म्हणतात, पायाच्या आतल्या खोल नसेत झालेली रक्ताची गुठळी. ही गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं.

डॉक्टरने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आपण चालतो तेव्हा ते पिळले जातात आणि रक्त वर ढकललं जातं. तासन् तास गुडघा वाकवून बसलं की हा पंप बंद आणि रक्त साचून राहतं. विमानातच होतं असं नाही, बस, कार, ट्रेन कशातही होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये अभ्यासाचे निष्कर्ष दिले होते, चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, तरीही प्रमाण सहा हजारांत एक. म्हणजे कुणी विमानात बसायला घाबरावं असं काही नाही. पण ज्यांना आधी गुठळी झालीये, नुकतंच ऑपरेशन झालंय, कॅन्सर आहे, गरोदर आहेत, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत, वजन फार जास्त आहे, त्यांना धोका वाढतो, आईसारखं वय आणि फुगलेल्या नसा हेही त्यात आलंच. अशांनी तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन घेऊन बसू नका. घट्ट मोजे घालायचे तर पायाचं माप देऊन गुडघ्याखालचे, डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि मला हलवून गेलं ते हे की हा धोका उतरल्यावर संपत नाही, पुढचे काही आठवडे राहतो. आम्हाला वाटत होतं घरी पोचलो म्हणजे सुखरूप.

आईला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, निदान तीन महिने. औषध आहे म्हणून बरी होते असं ऐकायला सोपं वाटतं. रोजचं काय असतं, तर ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की ती आरशासमोर तशीच उभी राहायची. हाताला नुसतं कपाटाचं दार लागलं तरी निळा डाग. डोकं दुखलं तरी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, कारण दुखण्याच्या कित्येक गोळ्यांनी रक्तस्त्राव वाढतो. आणि सगळ्यात जास्त मनाची भीती. रात्री झोपेत काही झालं तर? हा प्रश्न ती मला विचारायची नाही, पण तिच्या खोलीतला दिवा चालू असायचा. ट्रिपचे फोटो बघायला ती दीड महिना तयार नव्हती. याबद्दल कुणी बोलत नाही. रिपोर्ट सुधारला की सगळे म्हणतात झालं ना आता, पण माणूस आतून बरा व्हायला वेळ लागतो, त्याच्याजवळ तेवढा वेळ बसायला लागतं.

तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला एकच सांगते, आल्यावर कुठल्याही तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेलात तर खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य, मी अमुक देशात जाऊन आलो, अमुक तारखेला परतलो. त्यांनी विचारायची वाट बघू नका. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाला आल्यानंतर तीन आठवड्यांनी ताप आला, पाच दिवस व्हायरल म्हणून काढले आणि निघाला मलेरिया. मलेरिया असलेल्या भागातून आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, थांबायचं नाही. घातक प्रकार बहुतेक वेळा महिन्याभरात डोकं वर काढतो, पण दुसरा एक प्रकार लिव्हरमध्ये महिनोन् महिने दडून बसतो, म्हणजे वर्षभर तरी हे वाक्य लक्षात ठेवायचं. डेंग्यू साधारण दोन आठवड्यांच्या आत दिसतो, तेव्हा कारण कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नको. पोट दोन आठवड्यांनंतरही ठिकाणावर नसेल तर शौचाची तपासणी करा, जिआर्डियासारखे जंतू आपोआप जातीलच असं नाही. कुत्रा, माकड, वटवाघूळ काहीही चावलं किंवा ओरबाडलं तर तिथेच १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लस तिथेच सुरू करायची. घरी गेल्यावर बघू हे तिथे चालत नाही.

औषधांचंही सांगते. रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव. आईची बीपीची गोळी परदेशातल्या दुकानात दाखवली तेव्हा ब्रँडचं नाव त्या मुलीला कळेना, पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचली तेव्हा लगेच कळलं. आपली पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन नावाने मिळते, हे माहीत नसेल तर माणूस एकाच औषधाचे दोन डोस घेईल. इन्शुलिन सामानात टाकू नका, खाली गोठू शकतं. आणि काही देशांत आपली साधी औषधंसुद्धा चालत नाहीत, जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण जास्त असलेली सर्दीची औषधं न्यायला बंदी आहे, दुबईला कोडीन, ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांना आधी परवानगी लागते. ज्या देशात जाताय त्याच्या सरकारी साइटवर बघून घ्या.

पण या सगळ्यापेक्षा आमच्या घरात जे बदललं ते जास्त महत्त्वाचं वाटतं मला. ट्रिप खराब होईल म्हणून गप्प बसणं हा आमच्या घराचा गुणच मानला जायचा. आई अशीच, मी तिचीच मुलगी. कुणी कण्हलं नाही की आपण म्हणतो काय सोशिक आहे! तीन महिन्यांनी डॉप्लर परत केला, गुठळी विरघळली होती, डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आई, आता पुढच्या वेळी कडेची सीट तुमची. तासातासाला उठायचं आणि आम्हाला उठवायचं."

आई हसली नाही, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "उठवीन."

काल सकाळी मी ऑफिसला निघताना तिने दारात थांबवलं. म्हणाली, आज उजवी टाच जरा दुखतेय, काही नसेल, पण सांगून ठेवते. मी बॅग खाली ठेवली आणि तिच्याजवळ बसले.