खुलासा : ‘कर्ज फेडा, नाद सुटेल’ हा मेसेज

गेल्या रविवारी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच एक मेसेज टाकला होता : ‘रमी-सट्ट्याचा नाद हा आजार नाही. एकदा कर्ज फेडा, फोन काढून घ्या, पोरगं सुधारतं.’ ते चुकीचं आहे. मेसेज मी काढला, पण तोवर तो बराच पुढे गेला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्याच गटात घेतलं. सोबत नैराश्य, निद्रानाश, दारू येऊ शकते. आत्महत्येचा धोकाही वाढतो. कर्ज फेडण्याचं म्हणाल, तर आमच्याच घरी आत्याने पाटल्या मोडून फेडलं. महिन्याभरात रात्री दोनला नव्या लोन अ‍ॅपचा मेसेज!

उपयोग होतो तो विचार-वर्तन उपचाराचा, म्हणजे समुपदेशकासोबत नियमित बसण्याचा. हमखास गोळी नाही. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्सोन हे औषध देतात. आणि हो, पार्किन्सन, म्हणजे कंपवाताच्या, प्रॅमिपेक्सोलसारख्या काही औषधांनीही ही ओढ लागू शकते. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर मराठीत, मोफत बोलता येतं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.