टायफॉईड ‘एकदाच’ होत नाही

पावसाळा लागला की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो: ‘टायफॉईड कांजण्यांसारखा, आयुष्यात एकदाच होतो. दुसऱ्यांदा टायफॉईड सांगणारा डॉक्टर तुम्हाला लुटतोय. एकदा होऊन गेलाय त्यांनी लशीवर पैसे घालवू नयेत.’ खाली हात जोडलेले, आणि ‘पुढे पाठवा’.

पहिलंच वाक्य चूक. कांजण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती बहुतेकांत जन्मभर टिकते. टायफॉईडच्या जिवाणूविरुद्ध, म्हणजे साल्मोनेला टायफीविरुद्ध, तयार होणारी ताकद अर्धीमुर्धी असते, हळूहळू ओसरते, आणि जिवाणू मोठ्या संख्येनं पोटात गेले तर तीही पुरत नाही. आपण पितो ते पाणी कृष्णेचं, आणि शेरीनाल्याचं सांडपाणी जातं तेही कृष्णेतच. शुद्धीकरण होतं, मान्य. पण गटाराशेजारची पाइपलाइन फुटली आणि नळाला आधी गढूळ पाणी आलं, तर मागच्या आजारपणाच्या भरवशावर ते कोण पिणार?

शिवाय ताप उलटतो, तो प्रकार वेगळा. बरं वाटायला लागल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तापानं फणफणणं, हे पूर्वी १०० पैकी ५ ते १० रुग्णांत दिसायचं. तेव्हा नवा संसर्ग झालेला नसतो. अस्थिमज्जेत किंवा पित्ताशयात दडून राहिलेला जुनाच जिवाणू डोकं वर काढतो. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या कपाटात ठेवणारे याला आमंत्रणच देतात. काहींच्या पित्ताशयात तर तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः ठणठणीत होती; तिच्या हातचं खाऊन लोक आजारी पडत होते. १९०७ मध्ये तिला पहिल्यांदा वेगळं ठेवलं, १९१५ मध्ये पुन्हा.

आता डॉक्टर लुटतोय, हा आरोप. तो सरसकट करणं अन्याय आहे, पण मेसेजवाल्याचा संशय अगदीच हवेतला नाही. आपल्याकडे ताप आला की दुसऱ्या दिवशी विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी, रिपोर्टवर ‘ओ १:१६०, एच १:१६०’ असले आकडे, आणि लगेच सलाईन. विडाल जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं मोजते. ती जुन्या टायफॉईडनंतर महिनोन्‌महिने रक्तात राहू शकतात, दुसऱ्या संसर्गातही वाढू शकतात. म्हणून एकदा टायफॉईड झालेल्या माणसाची एकटी विडाल फारसं काही सांगत नाही. दर पावसाळ्यात ‘टायफॉईड निघाला’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना तो झालेलाच नसतो, असं मला वाटतं. खात्री करायची तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जिवाणूच वाढवून बघायची तपासणी, तेही पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. रिपोर्टला काही दिवस लागतात. कल्चरही बऱ्याच केसेस चुकवतं, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

राहिली लस. होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. तिचा कॉन्ज्युगेट नावाचा प्रकार बाळाला सहाव्या महिन्यापासून देतात. मात्र पॅराटायफॉईडवर तिचा भरवसा धरता येत नाही: जिवाणू वेगळा, लक्षणं जवळपास तीच. ‘मला दोनदा झाला’ म्हणणाऱ्यांच्या एखाद्या फेरीत हाही असू शकतो. तेव्हा लस घेतली तरी गाड्यावरच्या उसाच्या रसात बर्फ घालू नको, हे सांगावंच लागतं.